सगळ्यांना आपण आवडत नाही, अशा गटाची मदत कशी घ्यावी

जूनच्या वादळात घरावर फणस कोसळतो, कर्ता माणूस बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, भरती होतो, नदीचे पाणी चुलीपर्यंत येते. अशा वेळी गोव्यातल्या गावात मदतीसाठी फारसे फिरावे लागत नाही. वाड्यावरचे युवक मंडळ येते, महिलांचा स्वयंसाहाय्य गट येतो, देवस्थान समितीचा निरोप येतो, पलीकडच्या वाड्यावरून चर्चच्या गटातली माणसे तांदूळ-डाळ घेऊन दारात उभी राहतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. त्या वीस-पंचवीस जणांत तुमच्यावर जीव टाकणारे चार असतात, मागच्या पंचायत निवडणुकीपासून तोंड फिरवणारे तीन असतात, आणि उरलेल्यांच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

कारणे गावागणिक वेगळी. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणपट्ट्यात २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. त्या काळात खनिज वाहायला ट्रक विकत घेऊन बसलेला आणि धुळीने शेत गेलेला असे दोघेही एकाच वाड्यावर राहत होते. कुठे जातीबाहेरचे लग्न असते, कुठे वाटेचा दावा मामलेदाराकडे पडून असतो, कुठे कुटुंब सिंधुदुर्गातून येऊन तीस वर्षे झाली तरी ते ‘भायले’, म्हणजे बाहेरचेच, राहते.

मी आमच्या गटाची वही सांभाळते. त्यामुळे मदत देणारी माणसे बैठकीत काय बोलतात, कशावर अडतात आणि कशाने शांत होतात हे मला जवळून दिसते. ते पाहून माझे ठाम मत झाले आहे की घेणाऱ्याने सगळ्यांची मने जिंकायला जाऊच नये. मदत हा गटाचा निर्णय असतो, एकेकाच्या प्रेमाची पावती नसते. व्यवहार चोख आणि उघडा ठेवला की न आवडणारा माणूससुद्धा आपला वाटा देतो, आणि त्याने तो दिला एवढे पुरे असते.

पुढे जे लिहिले आहे ते घरावर झाड पडलेल्या एका कुटुंबाला समोर ठेवून लिहिले आहे. या कुटुंबातल्या माणसाने खाणीच्या जनसुनावणीत उभे राहून विरोधात भाषण केले होते आणि मंडळात निम्मे ट्रकवाले आहेत, असे समजा. आजारपण, पूर, शिक्षणाची फी यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात. जिथे वेगळे आहे तिथे सांगितले आहे.

घरात आधी बोला

मदत घ्यायची की नाही हे दारात माणसे उभी असताना ठरवू नका. आदल्या रात्री सगळ्यांनी बसून बोला, म्हाताऱ्या सासऱ्यांनाही त्यात घ्या. बहुतेक घरांत एकजण तरी म्हणतो, “त्यांचे उपकार नकोत, मिंधे व्हावे लागेल.” त्यांचे म्हणणे उडवून लावू नका. त्यांना विचारा की नेमके काय झाले तर मिंधे झाल्यासारखे वाटेल. उत्तरात तीन-चार ठोस गोष्टी बाहेर येतात: जनसुनावणीतले बोलणे मागे घ्यायला सांगतील, पोरांचा फोटो पेपरात छापतील, उद्या मत मागायला येतील. याच तुमच्या मर्यादा. एका कागदावर लिहून ठेवा, पुढे अटींच्या वेळी उपयोगी पडतील.

शाळेत जाणाऱ्या पोरांनाही दोन वाक्यांत सांगून ठेवा की गाव आपले छप्पर घालून देणार आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. त्यांना हे वर्गात कोणाकडून तरी कळणारच असते. आधी घरातून कळलेले बरे.

झाड उचलण्याआधी फोटो आणि पंचनामा

मंडळाची मुले उत्साहाने कोयते आणि करवती घेऊन येतात आणि तासाभरात अंगण साफ करतात. त्यांना थोडे थांबवा. पडलेले झाड, मोडलेले वासे, फुटलेली कौले, भिजलेले सामान यांचे फोटो चारही बाजूंनी काढा. तलाठ्याला कळवा, पंचनामा करून घ्या, प्रत मागा. अग्निशामक दलाने झाड कापले असेल तर त्यांची नोंद कुठे आहे ते विचारून ठेवा. २०२१च्या जुलैत सत्तरी आणि डिचोली भागात पूर आला तसा पूर येतो तेव्हा माणूस आधी घरातला चिखल काढतो. तलाठी येईपर्यंत दाखवायला ओली भिंत तेवढी उरते.

पंचनामा सरकारी भरपाईसाठी लागतोच. पण इथे त्याचा आणखी एक उपयोग आहे. बैठकीत तुमच्या विरोधात असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास असतो, “सरकारकडून काय मिळाले?” त्याला अर्जाची पोच दाखवता आली पाहिजे. आजारपणात हेच दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे. गोव्यात पाच वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला हे कार्ड काढता येते, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण त्यात आहे. गोमेकॉत न होणाऱ्या उपचारांसाठी सरकारची मेडिक्लेम योजना वेगळी आहे. हक्काचे आधी मागा आणि त्यात न बसणाऱ्या खर्चासाठी गटाकडे जा. यामुळे मागायची रक्कमही कमी होते आणि संशयाला जागाही.

काय हवे ते लिहून द्या

“जमेल ते करा” असे म्हणणे नम्र वाटते, पण मतभेद असलेल्या गटात ते घातक ठरते. एकाला वाटते पाच हजार पुरे, दुसऱ्याला वाटते घरच नवे बांधून द्यावे, आणि दोघांचे भांडण तुमच्या नावावर होते. सुताराला बोलावून अंदाज घ्या आणि साधी चिठ्ठी करा. चिठ्ठी अशी असावी:

“मंडळाचे अध्यक्ष व सर्व सभासद यांस, नमस्कार. ता. १४ रोजी फणस पडून घराच्या मागच्या सोप्याचे छप्पर मोडले. सुताराच्या अंदाजाप्रमाणे ८४,००० रुपये खर्च आहे: वासे व रिपा ३८,०००, मंगळुरी कौले १९,०००, मजुरी २७,०००. आमच्याकडे २०,००० आहेत. सरकारी भरपाईचा अर्ज दिला आहे, पोच सोबत जोडली आहे. उरलेल्या ६४,०००पैकी गटाला जे शक्य असेल ते सामानाच्या रूपाने किंवा सुताराला थेट द्यावे. श्रमदान झाल्यास मजुरी कमी होईल. भरपाई मिळाल्यास गटाला कळवू. हिशेब काम संपल्यावर आठ दिवसांत देऊ.”

आकडे तुमचे तुम्ही घाला. या चिठ्ठीत स्वतःचा वाटा आहे, सरकारी अर्जाचा उल्लेख आहे आणि हिशेबाची तारीख आहे. आमच्या बैठकीत अशी चिठ्ठी वाचली गेली की बोलणे माणसावरून कामावर येते. चिठ्ठी नसली की दहा मिनिटांत जनसुनावणी निघते.

आणि चिठ्ठीत गयावया करू नका. आपण किती गरीब, किती दुःखी हे लिहिल्याने आपले लोक हळहळतात, पण जे तुमच्याकडे शंकेने पाहतात त्यांना ते नाटक वाटते.

देवस्थानकडे मागायचे असेल तर एक लक्षात ठेवा. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळातल्या १९३३च्या नियमावलीवर चालतो, मामलेदार प्रशासक असतो आणि वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करून घ्यावे लागते. समितीच्या मनात असले तरी देवाच्या पेटीतून उद्या पैसे काढून देता येत नाहीत. म्हणून समितीने ‘पाहू’ म्हटले की लगेच ‘आपल्याला टाळले’ असे समजू नका. महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या हक्काच्या सभासदांनी, वैयक्तिक वर्गणी काढणे हा त्यांच्यापुढचा सोपा मार्ग असतो, तो तुम्ही सुचवू शकता.

बोलायला मधला माणूस

गटाशी बोलायला तुमचा जिवलग मित्र पाठवू नका आणि तुम्ही स्वतःही प्रत्येक वेळी जाऊ नका. दोन्ही बाजूंना ज्याचा शब्द चालतो असा माणूस शोधा. निवृत्त मास्तर, बालवाडीची ताई, पोस्टातले काका, कुणी का असेना. निवडणुकीत ज्याने उघड बाजू घेतली तो टाळा, मग तो तुमच्या बाजूचा असला तरी. त्याला एवढेच सांगा: “मास्तर, आमची चिठ्ठी तुम्ही वाचून दाखवा आणि निर्णय काय झाला तो आम्हाला सांगा. कोण काय बोलले ते मात्र सांगू नका.”

हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. बैठकीत माणसे तापून बोलतात आणि नंतर निमूटपणे पाचशेची नोट काढून ठेवतात. तुम्हाला नोट दिसायला हवी, बोलणे कानावर यायला नको. ते एकदा कळले की तो माणूस वासा धरून उभा असतानाही तुम्हाला त्याचे शब्दच ऐकू येतात. तरी कोणीतरी आपुलकीने सांगायला येतेच. “काकी, तो काय म्हणाला माहीत आहे?” त्याला तिथेच थांबवा: “नको रे बाबा, काम होऊ दे आधी.”

पैसा कोणत्या वाटेने यावा

शक्य तितका पैसा तुमच्या हातात येऊच नये असे पाहा. कौलांचे पैसे गटाने दुकानदाराला द्यावेत, मजुरी सुताराला, औषधांचे बिल औषधवाल्याला. यात कमीपणा काही नाही. उलट, “त्यांनी पैसे कुठे घातले कोण जाणे” हे वाक्य जन्मालाच येत नाही.

रोख घ्यावी लागलीच तर गटाच्या वहीत सही करून घ्या आणि घरीही शंभर पानी वही घाला. तारीख, कोणाकडून, किती, कशावर गेले, बिल आहे की नाही, शिल्लक किती. ‘कोणाकडून’ या रकान्यात मंडळाचे नाव येऊ द्या, एकेका माणसाचे नको. कोणी किती दिले हे गटाच्या पावती पुस्तकात असतेच. तुमच्या वहीत ती यादी नसली तर तुम्हीही प्रत्येकाला त्याच्या आकड्याने ओळखायला लागणार नाही. जो परस्पर तुमच्या हातात पाकीट ठेवतो त्यालाही हळूच म्हणा, “दादा, मंडळाकडे द्या, पावती मिळेल.” ज्यांचे गटाशी पटत नाही त्यांचे वेगळे घ्यावे लागले तर ते वहीत वेगळ्या पानावर.

पैशाच्या रूपाने येणाऱ्या मदतीची एक कायदेशीर बाजू आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या देणगीची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली तर नुसता वरचा भाग नव्हे, सगळी रक्कम प्राप्तिकराच्या हिशेबात उत्पन्न धरली जाते. भाऊ, बहीण, आई-वडील आणि त्यांची भावंडे नातेवाईकांत मोडतात. चुलतभाऊ मोडत नाही. प्राप्तिकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या संस्थेची मदत यातून वगळलेली आहे. कौले, लाकूड, धान्य अशी मदत या नियमात येत नाही. कमी उत्पन्नाच्या घराला यातून कर बसण्याची शक्यता कमीच, पण आजारपणात मोठी रक्कम जमते तेव्हा नोंदी नसल्या की त्रास होतो. सामान थेट घेण्याचे हेही एक कारण.

दुरुस्ती, पंचायत आणि मुंडकाराचे घर

इथे सगळ्यात जास्त जपायला हवे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

गावात कोणाचे तुमच्याशी वाकडे असेल तर त्याच्या हातात पहिले हत्यार असते ते बेकायदा बांधकामाची तक्रार. म्हणून कौलाला हात लावण्याआधी पंचायतीत दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या, परवानगी घ्या आणि प्रत घरात हाताशी ठेवा. मग जुन्या जोत्याच्या बाहेर एक वीतही जाऊ नका. या बाबतीत विरोधकापेक्षा हितचिंतक जास्त गोत्यात आणतात. छप्पर उतरवलेले असते, दहा मुले हाताशी असतात, आणि कोणीतरी प्रेमाने म्हणतो, “उघडलेच आहे तर पडवी तीन फूट पुढे घेऊया ना!” त्याला ठाम नाही म्हणा. त्या तीन फुटांवर उद्या नोटीस येईल आणि ज्यांनी मदत केली ते सगळेच पेचात पडतील.

घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत असेल आणि भाटकार किंवा त्याच्या घरचा माणूस मदत करणाऱ्या गटात असेल, तर आणखी सावध राहा. मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीतल्या घरात राहणाऱ्याला, १९७५च्या मुंडकार कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय घरातून काढता येत नाही. जोते न वाढवता घर दुरुस्त करण्याचा हक्क त्याला आहे. पंचायत क्षेत्रात घर आणि त्याभोवतीची ठरावीक जागा, ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्कही आहे. मात्र भाडे देऊन राहणारा किंवा राखणीसाठी ठेवलेला माणूस या कायद्याने मुंडकार ठरत नाही. आता कल्पना करा, मदतीचा चेक देताना एक कागद पुढे येतो: “मी अमुक यांच्या घरात राखणदार म्हणून राहत असून त्यांच्या परवानगीने व खर्चाने दुरुस्ती करीत आहे.” देणाऱ्याच्या मनात कदाचित काही नसेल, वकिलाने घातलेले वाक्य असेल. पण तुमची सही झाली तर उद्या मामलेदारासमोर तोच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहील.

तेव्हा पैसे मिळाल्याच्या पावतीशिवाय कशावरही त्याच जागी सही करू नका. “घरात वाचून, मुलीला दाखवून उद्या देते” एवढे म्हणायला कोणाची हरकत नसावी. हरकत घेतलीच, तर तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय मुळीच करायचा नाही हे समजा. पोर्तुगीज किंवा इंग्रजीत असेल तर दुप्पट सावध. पावतीचा मजकूर तुम्हीच लिहून द्या: रक्कम, तारीख, कशासाठी. जागेचा, मालकीचा, परवानगीचा शब्द त्यात नको.

अटी ओळखा

सगळ्या अटी वाईट नसतात. बिले मागणे, काम पाहायला येणे, गावचाच सुतार घ्या म्हणणे, दोन टप्प्यांत पैसे देणे, हे गटाने मागितले तर द्यावे. लोकांच्या घामाच्या पैशांचा तो हिशेब आहे. तुम्हाला विशेष संशयाने वागवतात असे वाटले तर मधल्या माणसाला विचारा की इतरांनाही हाच नियम लावला होता का. बहुधा लावलेला असतो.

तक्रार मागे घ्या, दाव्यात साक्ष देऊ नका, अमक्याला मत द्या, आमच्याकडे येत जा, तमक्यांशी बोलू नका, या अटी मात्र मदतीच्या नव्हेत. त्या मान्य करू नका आणि त्यांच्यावर चिडूही नका. आमच्या उदाहरणातल्या कुटुंबाला कोणी ट्रकवाला म्हणेल, “आता तरी कळले ना गाव कोणाच्या बाजूने उभे राहते?” त्याला उत्तर असे देता येते: “भाऊ, त्या विषयात आपली मते वेगळी आहेत, ती राहू देत. घराला तुम्ही हात लावलात, ते आम्ही विसरणार नाही.” यात माफी नाही आणि उद्धटपणाही नाही. जनसुनावणीतल्या बोलण्याबद्दल दिलगिरी ही छपराची किंमत म्हणून कधीही देऊ नका. तसे केलेत तर तुमच्या बाजूने गटात भांडलेली चार माणसेही तोंडघशी पडतात.

अट एकाच माणसाची असेल तर सगळी मदत नाकारायचे कारण नाही. मधल्या माणसाकरवी गटाला कळवा की अमक्यांचा वाटा त्यांना परत द्यावा, बाकीचा आम्ही आदराने घेतो. कारण चारचौघांत सांगू नका. अट जर गटाच्या अध्यक्षाचीच असेल आणि बाकीचे गप्प असतील, तर मात्र हात जोडून नको म्हणा आणि ताडपत्रीखाली आणखी एक महिना काढा. तो महिना कठीण जाईल हे मला माहीत आहे. तरीही माझा सल्ला तोच आहे.

धर्माबद्दलही सांगायला हवे. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवाभावी संस्थेची माणसे घरी भेटायला येतात आणि धर्म न पाहता मदत करतात. त्यांनी जाताना प्रार्थना केली तर शांत बसावे, किंवा पाणी आणायच्या निमित्ताने आत जावे, दोन्ही चालते. तुमच्या देव्हाऱ्याला कोणी हात लावायला सांगत नाही तोवर शेजारणींच्या कुजबुजीकडे लक्ष देऊ नका. देवस्थानच्या मदतीबाबत ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही माझे हेच सांगणे असते.

काम चालू असताना

श्रमदानाच्या दिवशी वीस माणसे तुमच्या अंगणात येतात आणि तुमचे डोळे नकळत मोजायला लागतात. कोण आला, कोण नाही आला, कोणी चहा घेतला, कोणी “नको, आत्ताच झाला” म्हटले. ही मोजणी थांबवा. विशेषतः चहाची. जातीबाहेर लग्न झालेल्या घरांत ही गोष्ट फार टोचते, मला कल्पना आहे. पण चहा न घेणाऱ्यातला एखादा खरेच मधुमेही असतो आणि एखाद्याला घरून ताकीद असते. तरी तो आढ्यावर चढून उन्हात चार तास कौले बसवत असतो. त्याने जे केले ते बघा. किटली आणि उंडे (पाव) पडवीवर ठेवून द्या, ज्याला हवे तो घेईल. हातात कप नेऊन देऊ नका, म्हणजे कोणाला नाही म्हणायची वेळ येणार नाही. आणि पन्नास माणसांच्या जेवणाचा घाट घालू नका. मदत घेणाऱ्या घरी मटणाचा वास आला की त्याचीही चर्चा होते.

सगळ्यांशी सारखे वागा. जे आवडतात त्यांच्याशी गप्पा आणि जे आवडत नाहीत त्यांना नुसता नमस्कार, हे अंगणात लगेच दिसते. नाव घेऊन काम सांगा: “अण्णा, तो वासा जरा इकडे घ्याल?” एकत्र वासा उचलताना निवडणूक फारशी आठवत नाही.

तुमचे चाहते हा यातला सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. तुमच्यावर प्रेम करणारा माणूस गटाच्या व्हॉट्सअॅपवर लिहितो, “काहींनी अजून वाटा दिलेला नाही, लाज वाटली पाहिजे.” ज्यांना तो टोला लागतो ते राग काढतात तो तुमच्यावर. मागे एकदा आमच्या गटात अशाच एका संदेशावरून तीन बायकांनी दिलेले पैसे परत मागितले होते, आणि त्या घराला त्या वादाचा पत्ताही नव्हता. तेव्हा आपल्या माणसांना सुरुवातीलाच बजावा: आमच्यासाठी कोणाशी भांडू नका, कोणाला विचारू नका, कोणाची तुलना करू नका. हे तुम्हीच सांगू शकता. दुसऱ्या कोणाचे ते ऐकणार नाहीत.

फोटोचेही आधी ठरवा. गटाला काम दाखवायचे असते, ते स्वाभाविक आहे, पुढच्या वेळी वर्गणी त्यावर मिळते. “नव्या छपराचा फोटो घ्या, काम करणाऱ्यांचा घ्या, पोरांचा आणि आजारी माणसाचा नको” असे सांगितले की सहसा कोणी हट्ट धरत नाही. चेक हातात धरून पंच आणि अध्यक्षांच्या मध्ये उभे राहणे नको असेल तर चेक दुकानदाराच्या नावाने निघू द्या.

टोमणा आला तर

येतो. दुकानात, बसस्टॉपवर, शिगम्याच्या तालमीत. “छान झाले हां घर, आमच्या पैशांनी!” यावर गप्प राहिलात तर तो पुन्हा येतो, भांडलात तर गाव जमते. सरळ उत्तर द्या: “हो, वाड्याच्या पैशांनीच झाले. हिशेब मंडळाच्या वहीत आहे, बघा हवा तर.” आवाज वर न नेता, आणि मग आपले सामान घेऊन चालू लागा. पुन्हा पुन्हा तोच माणूस बोलत असेल तर मधल्या माणसाला सांगा, त्याने एकदा समज द्यावी. पोरांना कोणी बोलत असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी त्या घरी जाऊन त्यांच्या आईशी बोला.

आभार आणि हिशेब

आभाराचे पत्र गटाच्या नावाने एकच लिहा. त्यात “विशेषतः अमुक यांचे” असे घालू नका, उरलेले सगळे तिथेच दुखावतात. ज्यांनी जास्त केले त्यांना घरी जाऊन भेटा. तिथे त्यांच्या कामाबद्दल बोला: तुम्ही आढे सरळ करून दिलेत, तुम्ही तीन रात्री गोमेकॉत बसलात. तुमच्याशी न बोलणाऱ्याने कौले वाहिली असतील तर त्यालाही भेटा, तेवढेच म्हणा आणि निघा. त्याला आता मैत्री हवी आहे असे धरून चालू नका. कदाचित तो पुन्हा बोलणारही नाही. चालेल.

पत्राबरोबर हिशेब जोडा, बिलांच्या प्रतींसह. जमा, खर्च, शिल्लक, आणि सरकारी भरपाई आली की नाही. भरपाई नंतर आली तर ती लपवू नका. गटाने भागवलेला खर्च आणि भरपाई एकाच गोष्टीची असेल तर तेवढी रक्कम गटाकडे परत द्यायची की घराच्या उरलेल्या कामाला वापरायची, हे गटाला विचारा. बहुतेक गट ठेवा म्हणतात. पण विचारल्यामुळे तो निर्णय त्यांचा होतो.

तुमच्या बाजूने काही करावेसे वाटले तर घाई नको. पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या प्रत्येक कामात पुढे पुढे केले तर ते फेडल्यासारखे दिसते. चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-फुलांच्या सजावटीला, काही आणून द्या, दुसऱ्या कोणाच्या श्रमदानाला हजर राहा, वर्गणी निघेल तेव्हा आपली द्या. इतर घरे करतात तेवढेच.

मदत लांबणारी असेल, जसे डायलिसिसला दर आठवड्याला गाडी किंवा कॉलेजची फी, तर दर तीन महिन्यांनी गटाला चार ओळींची चिठ्ठी द्या: तब्येत कशी आहे, किती खर्च झाला, पुढे काय लागेल. आणि गरज संपली की ती संपली असे स्वतःहून कळवा, गटाने विचारायची वाट पाहू नका. उरलेले पैसे असतील तर ते कोषाध्यक्षाकडे जमा करून पावती घ्या. उरलेली कौले मंडळाच्या खोलीत पोचती करा. त्यांची मोजदाद पुढच्या बैठकीत वाचून दाखवायला सांगा, वहीत नोंद करून घ्या, आणि पंचनामा, पंचायतीची परवानगी, हिशेबाची प्रत व ती पावती घरपट्टीच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवा.